बसल्याचा घास

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा. मागे खांबाला टेकलेल्यांनीही पुढे या, म्हणजे सांगणाऱ्याला ओरडावं लागणार नाही आणि ऐकणाऱ्याला एकट्यानं घाबरावं लागणार नाही. गोष्ट भीतीची आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पण देवाच्या दारात, चार माणसांच्या खांद्याला खांदा लावून ऐकलेली भीती माणसाला मोडत नाही, जागं करते. म्हणून सांगायचं धाडस.

कृष्णेच्या काठानं सांगलीला उंच पूरभिंत बांधली, त्यानंतरची ही हकिकत. उन्हाळे असे तापायला लागले होते की दुपारी डांबराला चप्पल चिकटायची. उंच झाडं गेली होती, गच्च्यांवर सौरपत्रे आले होते, आणि कावळे शहर सोडून कचरा डेपोपलीकडच्या निलगिरीत राहायला गेले होते. गावभागात, पूरभिंतीला लागूनच, डॉ. हेमांगी आठल्येचं माहेरचं घर. नवरा गेल्यावर ती वडिलांकडे परत आली होती. घर बेताचं, पण मागचं परसू ऐसपैस: दोन शेवगे, एक कडुनिंब, आणि जुन्या गोठ्यात तिची प्रयोगशाळा.

हेमांगी पाखरांच्या आवाजाची शास्त्रज्ञ होती. शेवग्याच्या फांदीला तिनं एक यंत्र टांगलं होतं, सुगरणीच्या खोप्याएवढं. त्याला तिनं नाव दिलं होतं आवाहक. त्यातून दयाळ पक्ष्याचं ध्वनिमुद्रित गाणं वाजायचं. ते ऐकून लांबचा दयाळ समजे, की इथे आपल्या जातीचं कुणीतरी सुखानं गातंय, म्हणजे इथे किडे असणार, पाणी असणार, मांजर नसणार. तो यायचा आणि राहायचा. त्याच्यामागून शिंपी आला, तांबट आला, बुलबुलाची जोडी आली.

"पाखरू जागा बघून येत नाही, अण्णा," ती वडिलांना सांगे. "शेजार ऐकून येतं."

"म्हणजे आपल्यासारखंच की," अण्णा म्हणायचे. "देवळात गर्दी दिसली की आधी चपला काढायच्या. आत बुवा कोण उभे आहेत ते मागाहून विचारायचं." अण्णांनी उभा जन्म कीर्तनाला पेटीची साथ करण्यात घालवला होता, तेव्हा हे त्यांना ठाऊक असणारच.

एके सकाळी वामन गुरुजी आले. गावातले दहावे-तेरावे तेच करायचे. ओट्यावर बसले आणि घाम पुसत म्हणाले, "ताई, तुम्ही दयाळ बोलावता. कावळा बोलवाल का?"

"तुम्ही आलात की गुरुजी, आता वेगळा कशाला?" अण्णा म्हणाले.

एरवी गुरुजींनी सव्याज परतफेड केली असती. त्या दिवशी ते हसलेच नाहीत. "घोरपड्यांचा दहावा होता आज. पिंड ठेवले, माणसं लांब उभी राहिली. नातवाला शिकवू म्हणून झालं. धाकट्या भावाशी बोलू म्हणून झालं. कावळाच गावात नाही, तर शिवणार कोण? शेवटी मी दर्भाचा कावळा करून शिववला. शास्त्राला चालतो तो. त्यांच्या बायकोला, त्या माउलीला नाही चालला. ती उन्हात तशीच उभी. सारखं विचारतेय, 'यांचं काय हो राहिलं?' ताई, ती बाई हे आता मरेपर्यंत विचारणार."

हेमांगीनं शेवग्यावरच्या आवाहकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "कावळ्याला गाणं नसतं, गुरुजी. त्याला बोलणं असतं. पण त्याची एक हाक आहे. पोटभर अन्न सापडलं की तो ती इतरांना देतो. मिळवून बघते."

डेपोवर जाऊन तिनं ती हाक ध्वनिमुद्रित केली, घासूनपुसून आवाहकात घातली. पुढचा दहावा तिच्याच परसात झाला. कडुनिंबाखाली केळीच्या पानावर पिंड ठेवले, सगळे गोठ्याच्या आडोशाला गेले, तिनं कळ दाबली. भिंतीपलीकडून दोन कावळे आले. एकानं मान वाकडी केली, उडी मारली आणि भाताला चोच लावली. त्या घरातला दांडगा मुलगा लहान पोरासारखा रडला. हेमांगीच्याही डोळ्यांत पाणी आलं. आपली विद्या कुणाच्या तरी उपयोगी पडली, याहून मोठा प्रसाद कुठला?

वर्ष सरायच्या आत निम्म्या गावाचे दहावे त्या परसात होऊ लागले.

पहिली ठेच लागली ती भडंगाची.

एका गृहस्थाच्या दहाव्याला कावळे आले, भिंतीवर ओळीनं बसले आणि बसूनच राहिले. घरच्यांनी सगळी वचनं देऊन पाहिली. मग कुणाला तरी आठवलं, की त्यांना रोज संध्याकाळी भडंग लागायचं. धावत जाऊन पुडा आणला, मूठभर पिंडाशेजारी ठेवलं, तोच कावळे उतरले. सगळे गहिवरले. पण पुढच्या दहाव्याला, जिनं आयुष्यात तिखटाचा कण खाल्ला नव्हता अशा एका म्हातारीच्या पिंडालाही, कावळे भडंग आल्याशिवाय शिवेनात. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. "आई आपल्याला चोरून भडंग खायची?"

अण्णा हसून लोळले. हेमांगीला मात्र हसू आलं नाही. तिनं मिरजेच्या डॉ. सलीम मुजावरला बोलावून घेतलं. सलीम तिचा कॉलेजातला सोबती. प्राणी कसे शिकतात, हा त्याचा विषय.

भिंतीवरची ती काळी ओळ त्यानं बघितली आणि म्हणाला, "हेमा, तुला वाटतंय तू यांना शिकवलंस. यांनी तुम्हाला शिकवलंय. थांबलं की पानात भर पडते, हे त्यांना कळलंय. तुम्ही त्याला मृताची इच्छा म्हणता. ते त्याला वाढप म्हणत असतील."

"ते ठीक आहे रे. पण मी आज आवाहक लावलाच नव्हता. सकाळी गुरुजी यायच्या आधीच हे येऊन बसलेत."

सलीमचा चेहरा बदलला. "लावलाच नव्हता?"

"नाही."

तो ओट्यावर टेकला. "आमच्या मांजरीचं सांगतो. मासळी असली की ती आधी ताटलीच्या आवाजाला यायची. मग विळीच्या आवाजाला यायला लागली. मग मासळीवाल्या मावशींच्या हाकेला. आता बायको सकाळी पिशवी हातात घेते ना, कुठली भाजी आणायची हे ठरायच्या आधीच ही उंबऱ्यावर. खूण मागे मागे सरकते, हेमा. घासाच्या आधी काय घडतं, त्याच्या आधी काय, आणि त्याच्याही आधी काय. जो सगळ्यात आधीची खूण ओळखतो, त्याला पहिला घास. आम्ही त्याला पूर्वखूण म्हणतो. कुत्र्यात आहे, माशात आहे. कावळा तर या विद्येतला पंडित. शिकतो, आणि पोरांना शिकवतो."

"मग यांची पूर्वखूण कोणती?"

सलीम बोटांवर मोजू लागला. "भाताच्या आधी गुरुजी. गुरुजींच्या आधी घरात रडारड. रडारडीच्या आधी शववाहिनी. तिच्या आधी..." तो थांबला. अंगठा तसाच करंगळीला टेकलेला राहिला. हेमांगीनं भिंतीवरच्या ओळीकडे पाहिलं.

त्याच पंधरवड्यात खणभागातल्या गवंड्यांच्या गच्चीवर कावळे बसले. घरात कुणी गेलेलं नव्हतं. विष्णुपंत गवंडे जरा दम लागतो म्हणून खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे, एवढंच. आठवडा उलटला नाही तोच ते गेले. मग तांबटांच्या गल्लीत तेच झालं. मग पेठभागात. डॉक्टरांना पत्ता नाही, घरच्यांना पत्ता नाही, आणि कावळे हजर.

"जादू नाही यात," सलीम सांगत फिरायचा. "आजारी माणसाचं चालणं बदलतं, श्वास बदलतो, खिडकीशी बसण्याची वेळ बदलते. आपण घरातल्या माणसाकडे बघतच नाही. ते दिवसभर तेच बघतात."

पण लोकांना त्यानं धीर कसा यावा? सकाळी उठून माणूस आधी आपली गच्ची बघे, मग शेजाऱ्याची. पुण्यातली मुलं फोनवर "आई, बरी आहेस ना?" असं न विचारता "वर काही बसलंय का?" असं विचारू लागली. म्हातारी माणसं अंगणात यायची थांबली. फटाके झाले, गुलेर झाली, जाळ्या झाल्या. कावळे जरा लांब बसत. बसत मात्र.

याहून वाईट पुढेच होतं. भडंगाचा प्रकार बघितल्यापासूनच सलीमनं काही गच्च्यांवर कॅमेरे लावले होते. त्यानं एके दिवशी गोठ्यात येऊन दार लोटलं आणि हेमांगीसमोर चित्रफीत लावली.

"हे गवंड्यांचं घर. ते जायच्या आधीचं. खिडकीच्या कट्ट्यावर बघ."

कट्ट्यावर गोळ्यांची चकाकती पट्टी होती. एक कावळा उतरला, पट्टी उचलून उडाला. भिंतीवरचे बाकीचे बघत होते.

"चकाकतं म्हणून उचललं असेल," हेमांगी म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं. आता हे पेठभागातलं." दुसऱ्या चित्रफितीत कट्ट्यावर स्टीलचा पेला होता, चमचा होता, आरसा होता. कावळा उतरला, या सगळ्यांना ओलांडून गेला, आणि गोळ्यांचीच पट्टी चोचीत धरून निघाला. "पहिल्यांदा चकाकतं म्हणून. दुसऱ्यांदा त्याच कारणानं नाही."

हेमांगीनं चित्रफीत बंद केली. "त्यांना कळतंय का सलीम, ते काय करतायत?"

"मरण म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. औषध म्हणजे काय तेही नाही. त्यांना एवढंच माहीत आहे, की कावळे बसलेल्या घरातून ती पट्टी गेली की भात लवकर येतो."

"आणि भात आपण ठेवतो," ती म्हणाली. "हाक मी दिली, भात आपण ठेवतो."

गावाला तिनं दवंडी दिल्यासारखं सांगितलं, की औषधं कपाटात ठेवा. लोकांनी ठेवली. आणि मग एका सकाळी, परसात कुठलाही विधी नसताना, हेमांगी चहाचं आधण ठेवता ठेवता सहज खिडकीतून बघते, तर पूरभिंतीवर कावळे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. रोज ते कडुनिंबाखालच्या जागेकडे तोंड करून बसत. आज त्यांची तोंडं घराकडे होती.

तिच्या हातून पातेलं निसटलं.

"काय पाडलंस गं?" आतून अण्णांनी विचारलं. ते येईपर्यंत तिनं पडदा ओढला होता, पण अण्णांनी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं. पडदा बाजूला केला, बघितलं, आणि हळूच खुर्चीवर बसले. "अस्सं," ते म्हणाले. "आले होय."

"अण्णा, तसं काही नसतं."

"तुम्ही दोघंच तर गावाला सांगत होतात, तसंच असतं म्हणून."

त्या दुपारी अण्णांच्या हृदयाच्या गोळ्यांची पट्टी देवघराच्या कोनाड्यातून गेली. गोळी घेऊन ती परत कपाटात ठेवायला ते निघाले होते, आणि देवाला नमस्कार करायला दोन मिनिटं तिथे ठेवली होती. मागे एक काळं पीस पडलं होतं.

हेमांगीनं वडिलांना दवाखान्यात नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहे, घेऊन जा. पण घरी आल्यावर अण्णांनी जेवण सोडल्यात जमा केलं. पेटीवर खोळ घातली. "वाजवून कशाला उगाच भाता फाडायचा," म्हणाले. डॉक्टरांनी धडधाकट ठरवलेला माणूस तिच्या डोळ्यांदेखत विझायला लागला. रात्ररात्र ती देवघरासमोर बसे. एकच मागणं: माझ्या चुकीची किंमत यांच्याकडून घेऊ नकोस.

शेवटी सलीमनंच सुचवलं. "अण्णांना माझ्याकडे मिरजेला पाठव. जागा बदलू. ते मागे येतात का बघू."

अण्णा कुरकुरत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी सलीमचा फोन आला. "हेमा, इथे एकही कावळा नाही. गच्चीवर जाऊन बघितलं, झाडं बघितली. अण्णा माझ्या बायकोच्या हातची भाकरी खाऊन कावळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत. घोर गेला म्हण."

हेमांगी मोठ्यानं हसली. किती दिवसांनी हसली ती! फोन कानाला धरूनच ती परसात आली आणि नळाकडे निघाली.

भिंतीवर कावळे होते.

ती थांबली. मग नळापर्यंत चालत गेली. भिंतीवरच्या माना तिच्याबरोबर फिरल्या. ती वळून गोठ्याकडे गेली. माना गोठ्याकडे वळल्या. घरात शिरून पुढच्या खोलीत गेली, खिडकी उघडली. एकेक करून ते येऊन समोरच्या तारेवर बसत होते.

"सलीम," ती फोनवर म्हणाली. "आपण म्हाताऱ्या माणसाकडे बघत होतो रे. घरात म्हातारं माणूस आहे म्हणून. ते अण्णांसाठी आलेच नव्हते."

सलीमनं तिकडून विचारलं, "तुला काही होतंय?"

"काही नाही. डावी चप्पल तेवढी पुढून झिजते. चांभाराला दोनदा बोलून झालं." एवढं बोलून तिनं पायाकडे पाहिलं. आपण डावा पाय ओढत चालतो, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. कावळ्यांना कितीतरी आधी कळलं होतं.

"मी निघालो," सलीम म्हणाला. "तू फक्त दार लावून घे. दवाखान्यात जाऊ."

"थांब. आधी एक करू दे."

सलीम येऊन पोचला, तेव्हा ती परसात उभी होती. हातात भाताचं पातेलं होतं. मूठमूठ भात ती पूरभिंतीच्या कट्ट्यावर ठेवत होती. कावळे हातभर अंतरावर येऊन खात होते.

"हेमा! खुळी झालीस काय?"

"खूण मागे सरकते, तूच म्हणालास ना?" तिनं मागे न बघता विचारलं. "मग घासही मागे सरकवू. मी उभी आहे, चालतेय, तोवरच त्यांना भात मिळाला पाहिजे. बसल्याचा घास. माणूस जिवंत असताना बसले तर पोटभर मिळतं, हे त्यांना कळू दे. जितकं लवकर ओळखतील, तितकं लवकर खातील. आपण तितकं लवकर डॉक्टरकडे जाऊ."

"आणि दहाव्याला?"

आता ती वळली. घाबरलेलीच होती, पण शास्त्रज्ञही होती. "दहाव्याला काही नाही. मरणातून त्यांना एक शीतही मिळता कामा नये. मिळत राहिलं तर त्या पट्ट्याही जात राहणार."

"लोक दगड मारतील तुला."

"तुला तरी दुसरा मार्ग दिसतोय का?"

सलीमनं तिच्या हातातलं रिकामं पातेलं खाली ठेवलं आणि तिला दवाखान्यात नेलं.

तिच्या मेंदूत गाठ निघाली. सुपारीएवढी. शस्त्रक्रिया करणाऱ्या बाईंनी विचारलं, इतक्या लवकर आलात कशा? नुसत्या चपलेवरून कुणी येत नाही. हेमांगीनं सांगितलं, त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. गाठ काढली. पुन्हा उगवणाऱ्या जातीची होती, पण हातात काही वर्षं मिळाली.

त्या वर्षांत तिनं दारोदार फिरून एकच गोष्ट मागितली: कावळे बसले की घास घाला, दहाव्याचा भात मात्र झाका. लोकांनी दगड मारले नाहीत, पण दारं लावली. वामन गुरुजी तर तोंडावर म्हणाले, "ताई, कावळा तुम्हीच दिलात, आता तुम्हीच काढून घेता? मी त्या रडणाऱ्या माणसांना काय सांगू?"

"दर्भाचा कावळा शास्त्राला चालतो, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

"हो. पण माणसांना चालत नाही, हेही मीच सांगितलं होतं."

"मग चालवून घ्यायला शिकवा, गुरुजी. ते मला येत नाही. तुम्हाला येतं."

गुरुजी त्या दिवशी उठून गेले. पण पुढच्या दहाव्याला त्यांनी कडुनिंबाखाली स्वतः जाळी बांधली, पिंडांवर दर्भाचा कावळा टेकवला, आणि त्या कुटुंबाजवळ जमिनीवर बसून बराच वेळ बोलत राहिले. विधी झाल्यावर पिंड थेट कृष्णेत गेले. हळूहळू गाव वळलं. समजून वळलं असं म्हणवत नाही. गोळ्यांच्या पट्ट्यांच्या धाकानं वळलं. कधी कधी देव भीतीच्या हातानंही माणसाला योग्य वाटेवर ओढतो.

आवाहक मुका झाला. ज्या घरावर कावळे बसत, त्या घरातून आधी भात यायचा आणि मग घरातली झाडून सगळी माणसं, पोराबाळांसकट, तपासणीला जायची. औषधांच्या पट्ट्या कट्ट्यावर पडून राहिल्या तरी एकही कावळा शिवेना. भीती गेली म्हणावं, तर ती गेली नाही. सांगलीत आजही पहिला कावळा गच्चीवर उतरला की माणूस चरकतो. पण चरकलेला माणूस आता भाताचं पातेलं शोधायला उठतो.

आणि मग हेमांगी गेली. गाठ परत आली होती, या वेळी खोल.

दहावा तिच्याच परसात झाला. करणारे अण्णाच. बापानं लेकीचा दहावा करायचा, याला कुठलं शास्त्र पुरं पडणार? सलीम त्यांच्यामागे उभा होता. गुरुजींनी पानावर पिंड मांडले, आणि जाळीची गुंडाळी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"अण्णा," ते म्हणाले, "आज नको जाळी. एवढा एक दिवस. हजारो माणसांचं तिनं केलं. तिच्या पिंडाला गवताचा कावळा लावायला माझा हात होत नाही हो."

सगळे लांब सरले. भात उघडा होता. ऊन वर चढलं, माशा घोंगावल्या. कावळे भिंतीवरून गेले, खाली बघून गेले. एक उतरला. पानापासून दोन हातांवर उभा राहिला. कावळ्यानं भाताकडे मान वाकडी करून पाहिलं, मग पाठ फिरवली आणि चोचीनं पंख साफ करत बसला.

अण्णा पुढे झाले आणि गळा काढून विचारलं, जसं सगळी माणसं विचारतात तसं, "हेमे, काय राहिलं गं तुझं? बापाला सांग. काय राहिलं?"

कावळा जागचा हलला नाही.

गुरुजी गोठ्याकडे बघत पुटपुटले, "अण्णा, तिथे कळ आहे. एकदा दाबा. तिनंच ध्वनिमुद्रित केलेली हाक आहे. येतील."

अण्णा गेले. धूळ बसलेल्या कळीवर त्यांनी बोट ठेवलं. एक हाक, आणि लेकीच्या भाताला चोच लागली असती. कुठल्या बापाला ते नको असेल? सलीमला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की एकदाच मिळालेला घास इतक्या वर्षांची शिकवण पुसतो. पण ठरवायचं बापानं होतं, म्हणून तो मागेच थांबला. अण्णांचं बोट कळीवरच होतं.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतल्या गच्चीवर कावळे उतरायला लागले. खाली कुणीतरी बाई "अहो, बसले हो, बसले!" म्हणून घाबरून ओरडली. पावलं वाजली, भांडं वाजलं, आणि एक माणूस धापा टाकत भाताचं ताट घेऊन गच्चीवर आला. भांड्याच्या आवाजासरशी परसातला तो कावळाही उठला, हेमांगीच्या पिंडावरून उडाला आणि तिकडे गेला.

अण्णा ते बघत राहिले. मग त्यांनी कळीवरचं बोट उचललं.

"गुरुजी, दर्भ घ्या," ते म्हणाले. "गावाला वाटेल, कावळा शिवला नाही म्हणजे पोरीचं काहीतरी राहिलं. तुम्ही सांगा त्यांना. तिला हेच हवं होतं. शिवला असता, तर राहिलं असतं."

गुरुजींनी दर्भाला गाठ मारली. तिघांनी मिळून तो भात नदीवर नेला.

तर मंडळी, एवढीच हकिकत. घरी जाल, उद्या परवा तुमच्या गच्चीवर काही काळं येऊन बसेल. घाबरा खुशाल, पण आधी त्याला घास घाला आणि मग डॉक्टरकडे जा. आणि तो घास कट्ट्यावर ठेवताना घडीभर थांबून हेमांगी आठल्येची आठवण काढा. तिच्या वाटणीच्या भाताला कुणी शिवलं नाही. तुमच्या हातून आठवणीचं एक शीत तिला पोचू दे.